कोपरापासून मनगटापर्यंत निपाणी

निपाणीचे नाव महाराष्ट्रात दोन कारणांनी निघते. एक सीमाप्रश्न. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हे गाव बेळगाव जिल्ह्याबरोबर मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. पुढे १९६७ मध्ये महाजन आयोगाने निपाणी महाराष्ट्राला द्यावी अशी शिफारस केली, तरी ते कर्नाटकातच राहिले. दुसरे कारण १९८१ चे तंबाखू आंदोलन. शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर रस्ता तीन आठवड्यांहून अधिक काळ अडवून धरला आणि ६ एप्रिलला पोलिसांच्या गोळीबारात बारा शेतकरी गेले. या दोन्ही गोष्टींवर भरपूर लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे. पण निपाणीच्या तंबाखूचा तिसरा एक इतिहास आहे. तो जमिनीच्या सीमेत मावत नाही आणि शेतमालाच्या भावातही मावत नाही. वखारीत तंबाखू कुटणाऱ्या-चाळणाऱ्या आणि घराच्या उंबऱ्याशी बसून विड्या वळणाऱ्या बायकांच्या हातांचा, नेमके सांगायचे तर कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागाचा, हा इतिहास आहे. या हातांचे काम ‘साधे’ आहे असे व्यापाऱ्याने मानले, कंत्राटदाराने मानले, काही काळ न्यायालयानेही मानले. मजुरीचा दर, मालाची छाट (प्रतीला न उतरलेला माल नाकारणे) आणि आजारपणाची भरपाई या तिन्ही ठिकाणी बायकांचे जे नुकसान झाले, त्याचे मूळ या एका गैरसमजात आहे, आणि १९८० च्या सुमारास निपाणीत जे घडले ते या गैरसमजाला मिळालेले पहिले संघटित उत्तर होते, असे माझे म्हणणे आहे.

वेदगंगा आणि दूधगंगेच्या परिसरातल्या काळ्या जमिनीत विडीचा तंबाखू चांगला येतो. गुजरातेतला चरोतर आणि हा निपाणीचा पट्टा, हे देशातले विडीच्या तंबाखूचे दोन नामांकित प्रदेश. शेतकरी पान उन्हात वाळवतो, व्यापारी ते विकत घेतो आणि मग माल वखारीत येतो. शेतातून आलेल्या पानाची विडीत भरण्याजोगी चुरी आपोआप होत नाही. ते कुटावे लागते, देठ-शिरा वेगळ्या काढाव्या लागतात, निरनिराळ्या जाळीच्या चाळणींतून चाळावे लागते, प्रतीनुसार मिसळावे लागते, पोती भरावी लागतात. ही कामे प्रामुख्याने बायकांकडे होती. वखारीत हवा खेळती नसे, धूळ मात्र भरपूर. तोंडावर पदर किंवा फडके बांधून दिवसभर चाळण हलवणे म्हणजे काय, हे शरीराच्या भाषेत पाहण्यासारखे आहे. भरलेली चाळण दोन्ही हातांनी आडवी धरली की तळवे खाली किंवा आतल्या बाजूला वळलेले राहतात. चाळणीचे वजन मनगटाला खाली ओढते आणि ते खाली पडू नये म्हणून हाताच्या मागच्या बाजूचे स्नायू सतत ताणलेले राहतात. त्यावर आणखी डावी-उजवी हालचाल. ती अंगठ्याच्या आणि करंगळीच्या बाजूचे स्नायू आळीपाळीने करतात. म्हणजे स्नायूंचा एक गट क्षणभरही विसावत नाही आणि दुसरा क्षणाक्षणाला आखडतो-सुटतो. नुसते ओझे उचलणाऱ्या हमालाला ओझे खाली ठेवल्यावर श्वास घेता येतो. चाळणाऱ्या बाईच्या मनगटाला तेवढीही उसंत नसते.

विडी वळण्याचे काम याहून बारीक. ओलसर केलेले तेंदूचे पान घ्यायचे, पत्र्याचा फर्मा त्यावर ठेवून कातरीने कापायचे. मांडीवर सूप, सुपात तंबाखू. पानाच्या तुकड्यावर चिमूटभर तंबाखू एका टोकाकडे थोडा कमी, दुसऱ्याकडे थोडा जास्त असा पसरायचा, कारण विडी निमुळती हवी. मग दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जनी-मध्यमा यांच्यामध्ये पान गुंडाळत न्यायचे, टोक दुमडून बंद करायचे आणि दोऱ्याने बांधायचे. घट्ट वळली तर विडी ओढली जात नाही, सैल वळली तर विझते. या व्यवसायात मजुरीचे माप हजारी आहे. हजार विड्या म्हणजे दिवसाचे काम, असा सरकारी दराचाही हिशोब. आठ तासांत हजार विड्या करायच्या तर एका विडीला २९ सेकंदांहून कमी वेळ मिळतो. त्यात पान कापणे आले, टोक दुमडणे आले, दोरा आला. तेवढ्या वेळात पानाच्या कडेची जाडी, तंबाखूचा ओलावा आणि गुंडाळीचा ताण, हे तिन्ही बोटांना कळावे लागते आणि त्याप्रमाणे जोर कमी-जास्त करावा लागतो. डोळे त्यात थोडीच मदत करतात, कारण विडीचा घट्टपणा डोळ्यांना दिसत नाही.

हा जोर येतो कुठून? बोटांत म्हणावे असे स्नायू नाहीत. बोटे हलवणाऱ्या मोठ्या स्नायूंचे मांस कोपराखाली आहे, तिथून लांब कंडरा मनगट ओलांडून बोटांपर्यंत जातात. हाताच्या या भागात एकूण वीस स्नायू मोजतात. आठ पुढच्या, म्हणजे तळव्याच्या बाजूला, आणि बारा मागच्या बाजूला. पुढच्या आठांपैकी सर्वांत खोल थरातला ‘फ्लेक्सर डिजिटोरम प्रोफंडस’ हा चारही बोटांची टोके मिटवतो. याची रचना मोठी अर्थपूर्ण आहे. मध्यमा, अनामिका आणि करंगळी यांच्याकडे जाणारा त्याचा भाग बराचसा एकजीव असतो, म्हणून या तिघींपैकी एकीचेच टोक वाकवायला गेले की शेजारणीही हलतात. तर्जनीकडे जाणारा भाग मात्र बहुधा वेगळा असतो. आणि अंगठ्याचे टोक मिटवायला ‘फ्लेक्सर पॉलिसिस लाँगस’ नावाचा पूर्ण स्वतंत्र स्नायू आहे. चिंपांझीत हा स्नायू असा स्वतंत्र नसतो. माणसाच्या हाताचे वेगळेपण ज्या थोड्या गोष्टींवर उभे आहे, त्यांतली ही एक. विडी वळण्याचे काम नेमके अंगठा आणि तर्जनी या जोडीवर उभे आहे. उत्क्रांतीने माणसाला जी सर्वांत नाजूक आणि सर्वांत उशिरा मिळालेली देणगी आहे, तीच दिवसाला हजार वेळा वापरून निपाणीची बाई आपले पोट भरत होती. अशा कामाला साधे म्हणणे शरीररचनेच्या कुठल्याही पुस्तकाला मान्य होणारे नाही.

यावर कोणी म्हणेल की नाजूक असले तरी विडी ही हलकी वस्तू, तिला जोर तो किती लागणार. ही शंका रास्त वाटते, पण हात कसा पकडतो हे पाहिले की ती टिकत नाही. वाचकाने इथे एक करून पाहावे. मनगट आतल्या बाजूला पूर्ण वाकवा आणि तशाच स्थितीत घट्ट मूठ आवळायचा प्रयत्न करा. मूठ नीट आवळत नाही. मनगट थोडे मागे झुकवा, मूठ लगेच घट्ट होते. बोटे मिटवणाऱ्या स्नायूंना बळ लावायचे तर मागच्या बाजूच्या स्नायूंनी मनगट मागे धरून ठेवावे लागते. म्हणजे चिमटीत काही धरायचे तरी पुढच्या आणि मागच्या दोन्ही बाजू एकाच वेळी राबतात. मागच्या बाजूचे बरेच स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाच्या एकाच उंचवट्यावरून निघतात. म्हणूनच बोटांनी राबणाऱ्या माणसाला दुखते ते पुष्कळदा कोपराच्या बाहेरच्या बाजूला, आणि घरातले म्हणतात की विडी बोटांनी वळतेस, मग कोपर कसे दुखते? अंगठा बाहेर खेचणारे दोन स्नायू मागच्या बाजूला खोलवर असतात. त्यांच्या कंडरा अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाहेरच्या कडेला, एका अरुंद बोगद्यातून जातात. तिथे घर्षण वाढले की सूज येते, अंगठा उचलताना कळ जाते. स्विस शल्यविशारद फ्रिट्झ द केर्व्हाँ यांनी १८९५ मध्ये या विकाराचे वर्णन केले आणि तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. तळव्याच्या बाजूलाही एक असाच बोगदा आहे. त्यातून बोटांच्या नऊ कंडरा आणि एक मोठी नस एकत्र जातात. नऊपैकी काही कंडरा सुजल्या तर नसेला जागा उरत नाही आणि बोटे बधिर होतात. विडी हलकी आहे. हजार विड्यांमागची कंडरांची ये-जा हलकी नाही.

आता हे काम ‘साधे’ आहे हा शिक्का कसा बसला ते पाहू. स्वातंत्र्यानंतर विडी कामगार हा कायद्याच्या दृष्टीने कामगार आहे की नाही, हाच मोठा प्रश्न होता. कारखान्याचा मालक म्हणे की बायका-पुरुष हवे तेव्हा येतात, हवे तेव्हा जातात, नगावर पैसे घेतात, मी त्यांचा मालक कसा? १९६१ च्या आसपास सर्वोच्च न्यायालयासमोर असे दोन खटले आले. नागपूरच्या बिर्दीचंद शर्मा खटल्यात न्यायालयाने विडी वळणाऱ्यांना कामगार मानले. त्यांना पगारी रजेचा हक्क मिळाला आणि तो निकाल स्वागतार्हच होता. पण त्यातला युक्तिवाद वाचण्यासारखा आहे. विडीचे काम साध्या स्वरूपाचे आहे, म्हणून त्यावर सतत देखरेख लागत नाही. दिवसअखेर प्रतीला न उतरलेल्या विड्या नाकारणे हीच मालकाची देखरेख, असा त्याचा आशय. लवकरच महाराष्ट्रातल्या दुसऱ्या एका विडी कारखान्याच्या खटल्यात बहुमताने उलटा निकाल आला. विड्या वळणारा यायला-जायला मोकळा होता, म्हणून तो कामगार नाही, असे ठरले. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी त्यावर वेगळे मत नोंदवले. दोन्ही निकाल कायद्याच्या चौकटीत समजण्यासारखे आहेत. तरी पहिल्या निकालातली एक विसंगती नजरेतून सुटू नये. काम साधे असेल तर छाट कशाची काढायची? जे काम कोणालाही जमते त्यात प्रतवारीला जागाच नसते. दर संध्याकाळी विड्या निवडून बाजूला काढता येतात, याचा अर्थच असा की त्या नीट वळणे कौशल्याचे आहे. कौशल्याला मजुरी नाही, पण कौशल्यात कसूर झाली तर कपात आहे, असा हा व्यवहार होता.

संसदेने १९६६ मध्ये विडी आणि सिगार कामगारांच्या कामाच्या अटींचा कायदा केला. त्यात घरी बसून विड्या वळणारेही आले, हे या कायद्याचे मोठे काम. त्याखाली राज्यांनी नियम केले आणि छाटीवर मर्यादा घातली. कामगाराने आणलेल्या विड्यांपैकी साधारणपणे पाच टक्क्यांहून अधिक नाकारायच्या नाहीत, आणि कामगाराने जाणूनबुजून कसूर केली नसेल तर नाकारलेल्या विड्यांचीही निम्मी मजुरी द्यायची. मालकांनी याला आव्हान दिले. १९७४ मध्ये मंगलोर गणेश बिडी वर्क्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायदा आणि हे नियम उचलून धरले. सीमाभागातल्या वाचकाने इथे थोडे थांबावे. हा नियम म्हैसूर राज्यातही होता आणि महाराष्ट्रातही होता, आणि दोन्हीकडे सारखाच होता. निपाणी कोणत्या राज्यात असावी यावर हयात गेलेली माणसे आहेत, त्यांच्या तळमळीचा आदर ठेवूनच म्हणतो की सुपासमोर बसलेल्या बाईच्या हाताला त्या सीमेने काही वेगळे दिले नाही. निपाणीत छाटली जाणारी विडी आणि इचलकरंजी-सोलापुरात छाटली जाणारी विडी एकाच नियमाने छाटली जात होती, आणि तो नियम मोडलाही एकाच पद्धतीने जात होता. कारण छाटलेल्या विड्या परत न देता ठेवून घेणे कंत्राटदाराला सोयीचे होते, आणि पाच टक्के मोजायला तिथे कोणी उभे नव्हते.

निपाणीतल्या वखारीतल्या बायका संघटित झाल्या त्या १९८० च्या सुमारास. प्रा. सुभाष जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिकोडी तालुका कामगार महासंघ उभा केला आणि वखारीवाल्या बायका त्यात आल्या. मजुरी, कामाचे तास, वखारीतली वागणूक, हे त्यांचे प्रश्न होते. संप झाले. १९८२ मध्ये युगांतर या फिल्म समूहाने निपाणीत सुमारे चार महिने राहून ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हा माहितीपट केला. दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव आणि नवरोझ कॉन्ट्रॅक्टर ही त्या समूहातली माणसे. तोवर संघटनेत सुमारे तीन हजार बायका होत्या. वखारीच्या आतले काम त्याआधी कॅमेऱ्यासमोर आले नव्हते, ते या माहितीपटाने आणले. त्यानंतर छाया दातार यांनी निपाणीच्या या बायकांच्या संघटनेवर अभ्यास केला आणि तो १९८९ मध्ये ‘काली फॉर विमेन’ने इंग्रजीत प्रसिद्ध केला. एका गावातल्या तंबाखू कामगार बायकांवर माहितीपट आणि अभ्यासग्रंथ दोन्ही व्हावेत, ही भारतीय कामगार इतिहासात विरळा गोष्ट आहे. याच काळात, १९८२ मध्ये, कर्नाटकाने देवदासी प्रथा बंद करणारा कायदा केला. सौंदत्तीच्या यल्लम्माचा प्रभाव असलेल्या या पट्ट्यात त्या कायद्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. संघटनेच्या कामात देवदासींचा प्रश्नही आला, कारण पोटासाठी राबणाऱ्या बायकांमध्ये त्याही होत्या.

१९८१ चे शेतकरी आंदोलन आणि वखारीतल्या बायकांची संघटना हे दोन प्रवाह वेगळे होते, तरी त्यांचे पात्र एकच. १४ मार्चला रस्ता अडवला गेला तेव्हा गुंडूराव कर्नाटकाचे मुख्यमंत्री होते. हजारो शेतकरी महामार्गावर मुक्काम करून राहिले, तिथे आंदोलननगर उभे राहिले. मागणी तंबाखूच्या भावाची. आता, शेतकरी आणि वखारीतली बाई यांचे हित परस्परविरोधी आहे, असे व्यापाऱ्याला नेहमी म्हणता येते. पानाला भाव जास्त द्यायचा तर मजुरी वाढवता येणार नाही, हे जुनेच गणित. निपाणीत हे गणित चालले नाही, कारण सुभाष जोशींसारखी माणसे दोन्हीकडे होती आणि कामगारांच्या संघटनेची सवय गावाला आधीच लागली होती. शेतकऱ्याने पान पिकवायला घातलेला खर्च व्यापाऱ्याने मोजला नाही, तसाच बाईने त्या पानाला विडीजोगे करायला घातलेला हातही मोजला नाही. दोन्ही तक्रारी एकाच प्रकारच्या होत्या. माझ्या मते १९८१ चे निपाणी समजून घ्यायचे तर १९८० ची वखार आधी पाहावी लागते. गोळीबारात गेलेल्या बारा शेतकऱ्यांचे मोल त्याने तसूभरही कमी होत नाही.

या मांडणीवर एक गंभीर आक्षेप येऊ शकतो. वखारीतल्या बायकांनी स्नायूंचे नाव कधी घेतले? त्यांनी दर मागितला, तास मागितले, माणसासारखी वागणूक मागितली. त्यांच्या लढ्यावर शरीरशास्त्र लादणे म्हणजे इतिहासाला आपल्याला हवे ते बोलायला लावणे नाही का? यावर उत्तर असे की इतिहासात माणसे आपल्या वेदनेचे नाव जाणत नसतात तेव्हाही ती वेदना त्यांच्या मागण्यांत उतरलेली असते. ‘तास कमी करा’ या मागणीत किती वेळ मनगट ताणून धरायचे याचा हिशोब आहे. विड्या वळणाऱ्यांच्या ‘छाट थांबवा’ या मागणीत अंगठा-तर्जनीच्या कौशल्याची किंमत आहे. ‘हजारीचा दर वाढवा’ म्हणजे एका विडीमागे हाताला थोडी उसंत द्या. गिरणी कामगाराने ‘फुप्फुसात सूत गेले’ असे म्हटले नाही, तो ‘दम लागतो’ म्हणाला. म्हणून कापसाच्या धुळीने होणारा आजार खोटा ठरला नाही. शरीराचे ज्ञान हा त्या मागण्यांचा अर्थ लावण्याचा एक रास्त मार्ग आहे, आणि माझ्या मते आजवर टाळला गेलेला मार्ग आहे.

दुसरा आक्षेप वैद्यकातून येतो. तंबाखू कामगाराचे खरे दुखणे फुप्फुसाचे आणि निकोटीनचे, हाताचे दुय्यम, असे डॉक्टर म्हणतील. धूळ, दमा, क्षय यांची भीती खरीच आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने गुजरातेतल्या तंबाखू तोडणाऱ्या मजुरांत हाताच्या कातडीतून शिरणाऱ्या निकोटीनने होणाऱ्या त्रासाचा अभ्यास केला आहे, तोही फार महत्त्वाचा. पण यातून हात दुय्यम ठरत नाही. फुप्फुसाचा आजार बाईला कामावरून कधी तरी उठवतो, हाताचा आजार रोज तिची मजुरी कमी करतो. अंगठा दुखू लागला की हजाराच्या आठशे विड्या होतात, गुंडाळी सैल पडते, छाट वाढते. नगावर मजुरी असलेल्या धंद्यात कंडरेची सूज आणि मजुरीची कपात एकाच दिवशी होते. आणि हे नुकसान कुठल्याच नोंदवहीत आजार म्हणून येत नाही, ते ‘काम कमी केले’ म्हणून येते.

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड. हीच बाई घरी पाणी भरते, भाकऱ्या थापते, धुणे पिळते, मूल कडेवर घेते. अंगठ्याच्या मुळाची सूज तर बाळंतिणींनाही होते. मग दुखणे विडीमुळेच आले हे कसे सांगणार? कायद्याच्या भाषेत, आजार कामातूनच उद्भवला हे सिद्ध कसे होणार? शंका खरी आहे, पण नवी नाही आणि जगाने ती ओलांडलेली आहे. इटलीतल्या मोदेनाचे वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० मध्ये कारागिरांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. त्यात तंबाखू कामगारांवर स्वतंत्र प्रकरण आहे. १७१३ च्या आवृत्तीत त्यांनी लेखनिकांच्या हाताचा विकार घेतला आणि त्याचे एक कारण म्हणून हाताची एकाच दिशेने अखंड चालणारी हालचाल नोंदवली. रुग्णाला त्याचा धंदा विचारा, हा त्यांचा आग्रह आजही वैद्यकाच्या विद्यार्थ्याला शिकवतात. दोनशे वर्षांनी, १९०८ मध्ये, ब्रिटनने तारखात्यातल्या कर्मचाऱ्याच्या हाताच्या दुखण्याचा भरपाईच्या यादीत समावेश केला. तारवाला घरी काय काम करतो याची चौकशी त्यासाठी आड आली नाही. त्याचे बोट दिवसभर एका कळीवर आपटते, एवढे पुरेसे मानले गेले. तारवाला सरकारी नोकर, शिकलेला. विडीवाली बाई घरात बसलेली, नगावर राबणारी, बहुधा निरक्षर. स्नायू दोघांचे तेच. कायद्याने दोघांना वेगळे वागवले त्याचे कारण शरीरात शोधून सापडत नाही.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१० मध्ये व्यावसायिक आजारांची सुधारित यादी केली. अंगठ्याच्या मुळाशी होणारी कंडरांची सूज, मनगटाच्या कंडरांचे जुनाट विकार, कोपराच्या हाडाशी होणारी दुखापत आणि तळव्याच्या बोगद्यात नस दबण्याचा विकार, हे सारे तिच्यात आले. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात शिसे, पारा, सिलिका, कापसाची धूळ होती. वारंवार हालचालीने होणारे कंडरांचे आजार नव्हते. १९६६ चा विडी कामगार कायदा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या स्थितीच्या संहितेत विलीन केला, त्या संहितेच्या परिशिष्टातही ते नाहीत. १९७६ च्या विडी कामगार कल्याण निधीतून क्षयाचे उपचार, चष्मे, मुलांच्या शिष्यवृत्त्या, घरे दिली गेली, आणि त्याचे श्रेय त्या कायद्याला द्यायला हवे. मात्र या निधीला पैसा पुरवणारा उपकर २०१७ मध्ये जीएसटीबरोबर रद्द झाला. डोळ्यांसाठी चष्मा मिळाला, हातासाठी काही मिळाले नाही.

निपाणीपासून कोल्हापूर जवळ आहे आणि बेळगावही दूर नाही. बेळगावात केएलई संस्थेचे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय १९६३ पासून आहे. निपाणीच्या वखारी जोरात चालत होत्या तेव्हाही त्याच्या शवविच्छेदनगृहात पहिल्या वर्षाचे विद्यार्थी कोपराखालचे हे वीस स्नायू एकेक करून वेगळे करत होते, नावे पाठ करत होते, प्रत्येकाची नस शोधत होते. ज्ञान आणि ज्यांना त्याची गरज आहे त्या बायका यांच्यात एका दिवसात जाऊन परत येण्याइतकेच अंतर होते. आजही आहे. विड्या अजून हाताने वळल्या जातात, आणि वळणाऱ्या बहुतेक बायकाच आहेत. तेव्हा दोन गोष्टी तातडीने व्हाव्यात. निपाणी, चिकोडी, संकेश्वर परिसरातल्या विडी आणि तंबाखू कामगार बायकांच्या हातांची पद्धतशीर तपासणी बेळगाव आणि कोल्हापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयांनी करावी, आणि तिचे निष्कर्ष मराठीत आणि कन्नडमध्ये त्या बायकांच्या हाती द्यावेत. आणि कर्नाटक व महाराष्ट्र या दोन्ही राज्यांनी, जी छाटीच्या नियमावर एकदा एकमत दाखवू शकली, कंडरांच्या या आजारांचा व्यावसायिक आजारांच्या यादीत समावेश करण्याची मागणी केंद्राकडे करावी.